आमसुलं विकणारीनं नगराध्यक्षपदाला का उभं राहावं? माझी कारणं लिहिते, विरोध असेल तर स्पष्ट मांडा

रातांबा

४ नोव्हेंबर २०२५ ला नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या. आमची 'क' वर्गाची नगरपरिषद, म्हणजे चाळीस हजारांच्या आतलं गाव. सोडतीत अध्यक्षपद सर्वसाधारण महिलेसाठी निघालं आहे. १० तारखेपासून अर्ज घेणार आहेत आणि मी अपक्ष अर्ज भरणार आहे. दोन दिवसांत ज्यांना कळलं त्यातल्या निम्म्यांनी विचारलं, "मिस्टरांनी ठरवलं का?" उरलेल्यांनी विचारलं, "कुठल्या पक्षानं सांगितलं?" दोन्हींचं उत्तर नाही असं आहे, म्हणून सगळंच लिहून काढते. गावाचं नाव घालत नाही, दक्षिण कोकणातलं किनाऱ्यावरचं गाव एवढं पुरे.

माझे वडील परळला गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत वर्ष गेलं. मग आई आम्हा तिघांना घेऊन गावी आली, वडील मागाहून आले. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं होती. आईनं आमसुलं केली आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हातून मुंबईला नातेवाइकांकडे पाठवली. पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतले रातांबे विकत घेतले. आमची शाळा त्या आमसुलांवर झाली. वडिलांना गिरणी परत मिळाली नाही. ते पुढं आईच्या हाताखाली रातांबे फोडायला बसायचे आणि त्यांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. हे मी अभिमानानं सांगते.

लग्नानंतर मी याच गावात आले. २००३ पासून पेठेत दुकान आहे, मागं शेड आहे. आमसूल, आगळ, काजूगर, आंबापोळी, फणसपोळी. हंगामात माझ्यासोबत सात बायका असतात, त्यातल्या चौघींच्या घरात तीच मुख्य कमाई.

आता उभं राहायचं कारण. आमसूल करताना रातांब्याची साल रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी पाच-सहा पुटं चढतात तेव्हा ते काळंभोर होतं. यात ऊन चुकलं की सगळं चुकलं. यंदा २० मेच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. २५ मेला मोसमी पाऊस कोकणात आल्याचं जाहीर झालं, इतक्या लवकर कित्येक दशकांत आला नव्हता. आमची सालं तिसऱ्या पुटावर होती. ती शेडमध्ये घेतली. मागचा वहाळ, म्हणजे ओढा, तुंबलेला होता, रात्री त्याचं पाणी शेडमध्ये शिरलं. सकाळी आम्ही आठजणी गुडघाभर चिखलातून सालं वेचत होतो. एकही ठेवण्यासारखी निघाली नाही.

पावसाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वहाळाची आहे. एप्रिलमध्ये मी लेखी अर्ज दिला होता, आवक नंबरासकट पोच आहे. उत्तर मिळालं, "नालेसफाईची मुदत ३१ मे आहे, मुदतीत होईल." पाणी शिरल्यावर पुन्हा गेले. तेव्हाही तेच उत्तर, मुदत संपलेली नाही. समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता, त्याच्या कागदावर ३१ मेच होतं. २०२१ च्या अखेरीस सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. जवळपास चार वर्षं गावात एकही नगरसेवक नाही, ज्याच्या ओटीवर जाऊन बसावं आणि "तुला मत दिलंय, चल बघायला" म्हणावं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. आमच्या गावाचं वर्ष एका पंचांगानं चालतं आणि नगरपरिषदेचं दुसऱ्या. आमचा हंगाम मार्च ते मे. आंबा, काजू, रातांबे, पर्यटक, मुंबईहून आलेली माणसं, सगळं त्या तीन महिन्यांत. नेमका तेव्हाच पाइपासाठी रस्ता खणतात. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा खड्डे तसेच, दिवाळी झाल्यावर डांबर. काम होतच नाही असं मी म्हणत नाही. होतं, पण अवेळी होतं. मला ही वेळ बदलायची आहे. नालेसफाई १५ मेच्या आत, पेठेतलं खोदकाम नोव्हेंबर ते जानेवारीत, रस्त्याची डागडुजी चतुर्थीच्या आधी. एवढंच मागणं घेऊन उभी राहतेय.

यात माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. वहाळ माझ्या शेडमागचा आहे.

पेठेतला

ताई, पूर्ण पाठिंबा. गेल्या मार्चमध्ये माझ्या दुकानासमोर खणलेला चर मेपर्यंत उघडा होता, गिऱ्हाईक फळीवरून चालत आत यायचं. निवडून आलात की दुकानदारांचं ऐकणारं कोणीतरी तिथं बसेल. एक विनंती, दुकानापुढची पत्र्याची शेड काढायच्या नोटिसा आल्यात, त्या तेवढ्या थांबवा. ऊन-पावसात माल कुठं ठेवायचा?

जुना सदस्य

मी एक टर्म नगरसेवक होतो, दुसऱ्या गावात. ताईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरी मी विरोधात आहे. का ते सांगतो.

अध्यक्ष थेट लोकांतून निवडायची पद्धत २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली. २०१६ ला परत आली, २०२० ला रद्द झाली, २०२२ ला पुन्हा आली. हे खालीवर का होत राहिलं? अध्यक्ष एका बाजूचा आणि सभागृहातलं बहुमत दुसऱ्या बाजूचं असं झालं की काम ठप्प होतं, हे प्रत्येक पक्षानं कुठं ना कुठं भोगलंय. २ डिसेंबरला तुम्ही मतदानाला जाल तेव्हा तीन मतं द्याल, एक अध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या सदस्यांना. ताईंना पहिलं मत मिळेलही. पण त्यांचे सदस्य किती? शून्य. अपक्ष अध्यक्ष विषय मांडणार, समोरचे हात वर करून तो फेटाळणार. कोणाचा पाठिंबा घ्यावा तर पहिल्याच महिन्यात त्यांच्या अटी येणार. मी हे आतून पाहिलंय. चांगली माणसं सहा महिन्यांत घरी बसलेली पाहिलीत.

दुसरं. खर्चाची मर्यादा 'क' वर्गात अध्यक्षासाठी साडेसात लाख आहे. ताईंनी त्यातला किती आणि कुठून आणायचा ठरवलाय? घरातला घातला तर धंद्याचं भांडवल गेलं. दुसऱ्यानं दिला तर तो देणारा कोण, हा प्रश्न आला.

सातातल्या चार बायकांच्या घरची चूल त्या शेडवर पेटते असं ताईच म्हणतात. पाच वर्षं शेड कोण बघणार?

हिशेबनीस

मी सेवानिवृत्त. नगरपालिकांच्या लेखा विभागात उमेदीची सगळी वर्षं गेली. पंचांगाचा मुद्दा वाचून राहवलं नाही, कारण तो खरा आहे आणि त्याची कारणं ताईंना पूर्ण माहीत नाहीत.

काम मे महिन्यात का निघतं? आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. अनुदान पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्यानंतर तांत्रिक मंजुरी, ई-निविदा, दर कमी-जास्त, मग कार्यादेश. ठेकेदार खणायला येतो तेव्हा एप्रिल उजाडलेला असतो. जून लागला की खणता येत नाही. राहतो मे. हा कोणाचा दुष्टपणा नाही. पैसा वरून येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचं वेळापत्रकही वरूनच येतं. आमच्या काळात जकात होती. नाक्यावर रोज पैसा जमा व्हायचा, गावाच्या हातात असायचा. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात अनुदान आलं. तेव्हापासून लहान नगरपालिका हप्त्याची वाट बघत बसते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी घ्या. आपल्यासारख्या लहान शहरांना त्यातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले असतात. अध्यक्ष बदलून यातलं काय बदलणार?

शिवाय कायदा १९६५ चा आहे आणि त्यात अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे आहे. वेंगुर्ल्याचा कचऱ्याचा प्रकल्प लोक लांबून बघायला येतात. ओला-सुका वेगळा, त्यातून बायोगॅस, प्लास्टिक रस्त्याच्या कामात. त्या कामाबरोबर नाव निघतं ते तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांचं. अध्यक्षाचं नाव इथं किती जणांना सांगता येईल?

रातांबा

हिशेबनीस काका, तुमचं चार वेळा वाचलं. रस्त्याच्या कामाबद्दल तुम्ही म्हणता ते मी मान्य करते. मोठं काम अनुदानाच्या वेळेनंच निघणार. नोव्हेंबर ते जानेवारीतच खणू असं मी वर लिहिलं, ते सगळ्याच कामांना लागू होणार नाही. चूक दाखवलीत, बरं झालं.

पण नालेसफाई? ती दरवर्षीची आहे. पाऊस येणार हे जकात असतानाही ठाऊक होतं, आजही आहे. तिला लागणारा पैसा घरपट्टी-पाणीपट्टीतून निघतो, कुठल्या हप्त्याला अडत नाही. फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची सभा होते, तिच्यात हा विषय घेऊन मार्चमध्ये निविदा का निघू नये? करारात ३१ मेऐवजी १५ मे लिहायला कुणाची मंजुरी लागते? हा प्रश्न मी खरंच विचारतेय, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

वेंगुर्ल्याचं म्हणाल तर अधिकारी चांगला मिळणं हे गावाचं भाग्य, आणि त्याची बदली होते. आमच्याकडे चार वर्षं सगळा कारभार अधिकाऱ्यांच्याच हातात होता. मग वहाळ का तुंबला? अधिकाऱ्याला ३१ मेची तारीख खटकत नाही, कारण त्याचं काही भिजत नाही. खटकणारं माणूस तिथं लागतं.

सदस्य दादा, सदस्य माझ्याकडे नाहीत हे खरं. मी कोणाचं पॅनल करणार नाही. पण नालेसफाईची तारीख पंधरा दिवस अलीकडे आणायला विरोध करणाऱ्या नगरसेवकाला त्याच्या प्रभागात तोंड दाखवायचंय ना? वादाच्या विषयांवर माझा पराभव होईल. त्याची नोंद इतिवृत्तात राहील आणि मी ती गावाला वाचून दाखवीन. पैशाचं सांगते. साडेसात लाख ही वरची मर्यादा आहे, तेवढे खर्च केलेच पाहिजेत असं नाही. पत्रकं आणि रिक्षाचा भोंगा एवढंच करणार आहे. शेडची जबाबदारी माझ्याकडं वीस वर्षं काम करणाऱ्या बाईंकडे असेल, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आमसूल येतं.

आणि पेठेतल्या भाऊंना. नोटिसा मी थांबवणार नाही. माझ्याही दुकानाची फळी गटारावर आलेली आहे, ती या रविवारी आत घेतेय. वहाळ का तुंबतो हे बघायला मी पावसानंतर त्याच्या काठानं चालत गेले होते. निम्मा कचरा आपल्याच पेठेचा होता, खोकी, थर्माकोल, पिशव्या. दुकानदारांची उमेदवार म्हणून मत देणार असाल तर देऊ नका.

पेठेतला

मग आमचं काय? इतकी वर्षं एकमेकांच्या अडीअडचणीला आलो. मत देताना विचार करावा लागेल एवढं सांगतो. पत्र्याची शेड काढली तर माझं निम्मं दुकान जातं, वहाळ साफ होऊन ते भरून येणार नाही.

चाकरमानी

मी मुंबईत, मत गावाला नाही, म्हणून थोडकंच लिहितो. इथं कोणी लिहिलं नाही ते म्हणजे आरक्षण. सोडत खुली निघाली असती तर ताई उभ्या राहिल्या असत्या का? आणि राहिल्या असत्या तर त्यांच्या बातमीवर "मिस्टरांनी ठरवलं का" असं कोणी विचारलं असतं का? आमच्या शेजारच्या गावात बाई निवडून आल्या आणि दालनात त्यांचे यजमान बसायचे, सह्यांपुरतं घरी रजिस्टर यायचं. लोकांचा प्रश्न कडू आहे, पण अनुभवातून आलेला आहे.

रातांबा

खुली असती तर कदाचित राहिले नसते. धीर झाला नसता. सोडत निघाली आणि वाटलं की आता नाही म्हणायला कारण उरलं नाही. आरक्षण याचसाठी आहे असं मी समजते. माझे यजमान शाळेत शिक्षक आहेत, त्यांना राजकारण आवडत नाही आणि ते प्रचारालाही येणार नाहीत.

दांड्यावरची

मी मालवणीतच लिवतंय, माका तसाच येता.

काकी, तुमचा सगळा वाचलंय. तुमची सालां भिजली त्येचा वायट वाटला. पण तुमी सोताक ल्हान धंदेवाली समजतास ता माका पटाक नाय. तुमका दुकान हा, शेड हा, लायसन हा. माजी आवस तीस वर्सां रस्त्यार बसान मासे इकता. ती टोपली हीच तिचा दुकान. थंय नवीन मच्छी मार्केट बांधल्यानी, वरच्या माळ्यार. गुडघे दुखणारी म्हातारी गिरायकां जिने चढान मासे घेवक येतली काय? म्हणान बायको खाली रस्त्यार बसतत. मगे गाडी येता, टोपली उचलता, बरफासकट मासे नेता. तुमी म्हणतास नोटिसा थांबवचंय नाय, गटारावरची फळी आत घेतलंय. बरा. मगे आमका पण उठवतल्यास? फळी आत घेवक तुमका आत जागा हा. आमका आत खंय हा?

तुमच्या पंचांगात आंबो हा, काजू हा, पर्यटक हा. मासे नाय. १ जून ते ३१ जुलै मासेमारीक बंदी, दर्यात मशीनच्यो बोटी जायत नाय, ते दोन म्हयने आमची घरां कशी चलतत ता तुमच्या यादीत खंय हा?

जुना सदस्य

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. उमेदवारानं टाळू नये.

हिशेबनीस

मघाच्या प्रश्नाचं उत्तर. नालेसफाईच्या करारातली तारीख नगरपरिषदच ठरवते, वरची मंजुरी लागत नाही. म्हणजे ताई त्या एका मुद्द्यावर बरोबर आहेत. आम्ही दरवर्षी जुन्या कराराची प्रत काढून वर्ष तेवढं बदलायचो, तारीख तशीच राहायची. मीही तेच केलंय.

आणि दांड्यावरच्या पोरीसाठी. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण करून विक्रेत्यांना विक्रीचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय उठवता येत नाही. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे आणि त्यातल्या एकतृतीयांश बायका. तुझ्या आईला तिथं उभं राहता येईल. आपल्याकडे ती समिती बसते का, विचार.

रातांबा

बाय, तुझं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी पंचांग लिहायला बसले आणि माझ्या दुकानातून दिसतं तेवढंच लिहिलं. बंदीचे दोन महिने मला सुचले नाहीत, आणि मी रोज मासे घेते. याला काही सबब नाही.

वरच्या माळ्यावर बाजार चालणार नाही असं माझंही मत आहे. ती इमारत पाडता येणार नाही, पण तळमजल्यावर जे गाळे काढलेत ते भाड्याला देण्याआधी मासेवाल्यांना बसायला द्यावेत असा विषय मी मांडीन. तो मंजूर होईल असं वचन देत नाही, कारण सदस्य दादा म्हणतात तसं हात वर करणारे दुसरे असतील. पथविक्रेता समितीची निवडणूक लावून घेणं मात्र हातातलं वाटतं. जागा ठरेपर्यंत टोपली उचलायला गाडी जाऊ नये, हे मी लिहून देते. पेठेतल्या पत्र्याला आणि तुझ्या आवशीच्या टोपलीला एकच नियम लावणं हा न्याय नाही.

तरी हे मी घरात बसून लिहितेय. तुझ्या आईला आणि बाकीच्यांना भेटायचं आहे. उद्या सकाळी सहा वाजता बाजारात येऊ?

जुना सदस्य

माझं मत अजून तेच आहे. सदस्यांशिवाय अध्यक्ष म्हणजे हात बांधलेला माणूस. ताईंनी आधी प्रभागातून सदस्य म्हणून उभं राहावं, एक टर्म सभागृह समजून घ्यावं, मग वरचं बघावं. गाळ्यांचा विषय त्या म्हणतात तितका सोपा नाही. भाड्याचं उत्पन्न बुडतं म्हणून पहिला विरोध प्रशासनच नोंदवेल. आणि पेठेतल्यांची मतं तर आत्ताच गेली.

रातांबा

पेठेची मतं गेली असतील. सदस्य म्हणून आधी उभं राहा, हे घरीही सगळे म्हणतात. पण सदस्याला एका प्रभागाचा वहाळ दिसतो. आमचा वहाळ तीन प्रभागांतून जातो.

दांड्यावरची

काकी, सहाक येव नको. त्या वक्ताक सगळी बंदरार लिलावाक असतत, बाजारात कोण गावचा नाय. धा वाजता ये, गर्दी उतारली काय. आवस पिंपळाच्या मुळात बसता. बसाक काय नसता थंय, पाट घेवन ये.